आधी करार, मग अभिषेक: फुटलेल्या गटाचे नेतृत्व करणाऱ्यांसाठी २ शमुवेल ५:३

फुटीनंतर एखाद्या मंडळीचे किंवा संस्थेचे नेतृत्व हाती आले असेल, तर बायबलमधील २ शमुवेल ५:३ हे वचन वाचताना त्यातील घटनांचा क्रम नीट पाहावा. इस्राएलाचे सर्व वडीलजन हेब्रोनास येतात, दावीद राजा त्यांच्याशी परमेश्वरासमोर करार करतो आणि त्यानंतर ते त्याला अभिषेक करतात. अनेक उपदेशांत भर अभिषेकाच्या तेलावर असतो. माझ्या मते वचनाचा कणा करार हाच आहे.

त्या कराराची कलमे वचनात दिलेली नाहीत, ती आपली आपणच लिहावी लागतात. कोणते निर्णय आपण एकट्याने घेणार, कोणते सर्वांना विचारून घेणार आणि हिशेब कोण तपासणार, हे सूत्रे हाती घेण्याआधी कागदावर उतरवावे, आणि ज्यांनी काल विरोध केला त्यांना ते लिहिताना शेजारी बसवावे.

मात्र वडीलजन हेब्रोनास आपोआप आले नव्हते. दावीदाने तेथे ७ वर्षे ६ महिने केवळ यहूदा या एका वंशावर राज्य केले, आणि त्या काळात आधीचा राजा शौल याच्या घराण्याशी त्याचा झगडा चालूच होता. समेटाची बोलणी करून परतलेला विरुद्ध पक्षाचा सेनापती अबनेर याला दावीदाच्याच सेनापतीने, यवाबाने, परत बोलावून घेतले आणि वेशीत एकांतात बोलण्याच्या मिषाने बाजूला नेऊन भोसकले. तेव्हा राजा स्वतः तिरडीमागून चालला, कबरेजवळ मोठ्याने रडला आणि लोकांनी आग्रह करूनही सूर्यास्तापर्यंत त्याने अन्नाला स्पर्श केला नाही. हा वध राजाच्या मनाने झालेला नाही, हे सर्व इस्राएलास त्या दिवशी कळले, असे तिसरा अध्याय सांगतो. म्हणून आपल्या बाजूच्या माणसाकडून आगळीक झाली, तर खेद खासगीत कळवून भागत नाही; तो सर्वांसमोर आणि त्याच दिवशी व्यक्त करावा.

येथे दावीदाचेही एक उणे दिसते, आणि अभ्यासवर्गात ते झाकू नये. त्याने यवाबाला पदावर राहू दिले, आणि ते प्रकरण अखेरच्या दिवसांत आपला मुलगा शलमोन याच्या गळ्यात घातले. दोषी माणूस कितीही कामाचा असला, तरी चौकशी होईपर्यंत त्याच्याकडील जबाबदारी काढून घ्यावी.

याच्या जोडीला १ राजे १२ वाचावे. दावीदाचा नातू रहबाम याच्याकडे लोकांनी जू हलके करण्याची मागणी केली. त्याने तीन दिवसांची मुदत घेतली, वृद्धांचा सल्ला झिडकारला, समवयस्कांचा मानला, आणि इस्राएलाचे दहा वंश त्याच्यापासून फुटून गेले. मुदत जरूर मागावी, पण त्या अवधीत सल्ला घेताना केवळ आपल्या बरोबरीच्यांकडे जाऊ नये.

एकीकरणानंतर दावीदाने राजधानी हेब्रोनातच ठेवली नाही. तोवर यबूसी लोकांच्या ताब्यात असलेले यरुशलेम त्याने जिंकून घेतले आणि तेथून ३३ वर्षे राज्य केले. पहिली संयुक्त बैठकही दोन्ही गटांपैकी कोणाच्याच नेहमीच्या जागी ठेवू नये, आणि तेथे बसताना पूर्वीच्या गटांप्रमाणे रांगा पडणार नाहीत, हे खुर्च्या मांडतानाच पाहावे.