तीन नावांचा एक माणूस आणि केनियाचा परवाना

आपल्या नवापूर-साक्री पट्ट्यातून परदेशात ख्रिस्ती सेवेसाठी जाण्याची तयारी करणाऱ्या तरुणांना पाचारण, प्रार्थना आणि मंडळीची (चर्चची) संमती यांविषयी मी वेगळे सांगण्याची गरज नाही. मी कागदांविषयी लिहितो आहे, कारण माझे चौदा महिने कागदांनी खाल्ले आणि त्यांतल्या बऱ्याचशा महिन्यांचा दोष माझाच होता.

माझा जन्म दिवाळीतला, म्हणून शाळेत गुरुजींनी नाव लिहिले 'दिवाल्या'. बाप्तिस्म्याच्या वेळी पाळकसाहेबांनी रजिस्टरमध्ये 'दानीएल' नोंदवले, आणि पुढे बायबल कॉलेजच्या कारकुनाने पदविकेवर इंग्रजी वळणाने 'डॅनियल' करून टाकले. गावात कोणी कोणत्याही नावाने हाक मारली तरी मी वळून पाहतो, पण परदेशातल्या कचेरीच्या लेखी ही तीन वेगळी माणसे असतात. केनियात धार्मिक व धर्मादाय कार्यासाठी 'आय' वर्गाचा परवाना लागतो आणि अर्ज तिथली नोंदणीकृत संस्था करते. माझी फाईल त्या संस्थेने एकाच प्रश्नासह परत पाठवली: पासपोर्टवरचा दिवाल्या, शिफारसपत्रातला दानीएल आणि पदविकेवरचा डॅनियल यांचा आपसांत संबंध काय?

हे नीट समजून घ्या, कारण आपल्याकडच्या निम्म्या ख्रिस्ती घरांत हीच परिस्थिती आहे. पासपोर्ट शाळेच्या दाखल्यावरून निघतो, पोलीस पडताळणीचे प्रमाणपत्र पासपोर्टच्या नावाने मिळते, पण मंडळी आणि कॉलेज मात्र आपल्याला बाप्तिस्म्याच्या नावाने ओळखतात. म्हणजे ज्या कागदांवर सेवेचा परवाना अवलंबून असतो नेमके तेच कागद दुसऱ्या नावाचे निघतात. त्यात बोर्डाच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी छापलेले असते आणि वडिलांचे नाव शेवटी, तर पासपोर्टच्या अर्जात आडनावाचा रकाना वेगळा असतो. माझ्या दाखल्यावर जन्मस्थळ 'जि. धुळे' होते, कारण नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी वेगळा झाला. अर्जात मी 'नंदुरबार' लिहिले आणि आणखी एक खुलासा अंगावर ओढवून घेतला.

राजपत्रात नाव बदलून घेण्याचा सल्ला मला दोघा शहाण्यांनी दिला. तो मानू नका. आदिवासी कुटुंबातील मुलाचे जात वैधता प्रमाणपत्र, आधार, पॅन आणि बँकेचे खाते जुन्या नावावर असते. एक गाठ सोडवायला जाऊन पाच बसतात. मी पासपोर्ट प्रमाण मानला आणि बाकीचे कागद त्याच्या मागे आणले. कॉलेजकडून पदविका दुरुस्त करून घेतली, मंडळीकडून 'दिवाल्या, बाप्तिस्म्याचे नाव दानीएल' असे शिफारसपत्र घेतले आणि तिन्ही नावे अक्षर न् अक्षर देऊन नोटरीसमोर प्रतिज्ञापत्र केले. त्या कागदावर 'ऊर्फ' हा शब्द टंकलेला पाहून मंडळीतले एक वडीलधारे म्हणाले, "बाप्तिस्म्याचे नाव मागे घेतोस काय?" त्या रात्री मला झोप लागली नाही. नाव मागे घेतलेले नव्हते, हे समजायला मला वेळ लागला. तुम्हाला लागू नये.

ज्यांच्या हाताखाली मी शिकलो ते पाळक मनाने थोर, पण कागद काढला की म्हणायचे, "कागदनी चिंता कसाले करस? प्रभू शे ना!" प्रभू आहेच, पण खिडकीवर बसलेला कारकूनही आहे. एका एजंटाने तर पर्यटक म्हणून प्रवेश घ्या, पुढचे तिथे बघू, असे सुचवले. हे करू नका. पकडले गेलात तर परत तुम्हाला पाठवतील, पण बोलावणाऱ्या संस्थेचे नाव कायमचे खराब होईल.

पैशांबाबत एवढेच की मंडळीच्या ट्रस्टने देशाबाहेर खर्च केला तर आयकराच्या सवलतीसाठी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची मंजुरी लागते, म्हणून खजिनदाराला आधीच विचारा. शिवाय आपल्याकडची वर्गणी मिरची-कापूस विकला गेल्यावर येते आणि घरभाडे मात्र दर महिन्याला द्यावे लागते. पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्या. केनियातून परतताना तिचे प्रमाणपत्र भारतातल्या विमानतळावर मागतात.

भाषेची धास्ती घेऊ नका. स्वीडन-अमेरिकेतून पश्चिम खानदेशात आलेल्या मिशनऱ्यांना मराठी आणि भिली शिकावी लागली, त्यांच्यापुढे केनियातली स्वाहिली आपल्याला सोपी जाते. तिथे दुकानाला 'दुका' आणि चपातीला 'चपाती'च म्हणतात. स्वाहिली बायबलमध्ये दानीएलचा 'दानिएली' होतो आणि मंडळीत मला आता तेच म्हणतात. हे माझे चौथे नाव. ते मात्र मी अजून कोणत्याही कागदावर लिहू दिलेले नाही.