कबड्डीची स्पर्धा, स्तनांची तपासणी आणि पुढचे महिने: मंडळाची तयारी

मंडळानं स्तनाच्या कर्करोगाच्या जागृतीसाठी कबड्डीची स्पर्धा भरवायची आणि तिथंच बायांची तपासणीही करून घ्यायची, तर आधी तारीख बघा. या जागृतीचा महिना ऑक्टोबर, म्हणून स्पर्धाही ऑक्टोबरातच हवी असा हट्ट नको. लातूर-धाराशिवकडे तेव्हा बाया सोयाबीनच्या काढणीत असतात. तिथं रास झाल्यावर, दिवाळीचा आठवडा सोडून एखादा रविवार धरा. बीडच्या आष्टी, पाटोदा, वडवणी भागात मात्र दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या हलायला लागतात, आणि कोयत्यावर गेलेली बाई हंगाम संपेपर्यंत तपासणीला सापडत नाही. तिथं दसऱ्याआधीच उरका. पाऊस असतो, काळ्या रानात पाय रुततात, म्हणून शाळेचं मुरमाचं मैदान आधीच मागून ठेवा.

मैदानाचं तुम्हाला सांगायला नको: मोठ्या पोरांना 13 बाय 10 मीटर, पोरींना 12 बाय 8. एवढंच, की रेषांच्या फक्कीत कळीचा चुना नको. पकडीत पोरगं तोंडावर पडतं, चुना डोळ्यात गेला तर बुबुळ भाजतं. खडूची भुकटी वापरा. जागृतीची खूण असलेली गुलाबी फीत सेफ्टी पिनेनं लावू नका. कबड्डीत जर्सीच ओढली जाते आणि पिन कुणाच्या तरी हातात घुसते. बाहीवर शिलाई मारून घ्या. आठ संघांचे 96 खेळाडू, एकाला 15 सेंटिमीटर, पंच आणि कार्यकर्ते धरून 20 मीटर फीत पुरते.

पोरींचे सामने सकाळी पहिले ठेवा. लेक खेळणार म्हटल्यावर आई मैदानावर येते. नुसती पोरांची स्पर्धा असेल तर बाया फिरकत नाहीत. माहिती सांगायची ती उपांत्य सामन्याच्या मध्यंतरात, पाच मिनिटांत. बक्षीस समारंभाला ठेवली तर पुढाऱ्यांच्या भाषणात बुडते, आणि तोवर बाया स्वयंपाकाला घरी गेलेल्या असतात. माइक आरोग्य उपकेंद्राच्या सिस्टरच्या, म्हणजे नर्सच्या, हातात द्या. दुखत नसलेली गाठ, कातडीला पडलेली खळी, आत ओढलं गेलेलं बोंड, त्यातून येणारं रक्त, काखेतली गाठ: यातलं काहीही दिसलं तर दाखवायला जायचं. ‘दुखत नाही, म्हणजे साधी असेल’ या समजानंच सगळ्यात जास्त उशीर होतो. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, हेही त्याच दमात सांगायला हवं, नाहीतर घाबरून कुणी पुढे येत नाही.

तपासणीसाठी तीन आठवडे आधी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना पत्र द्या आणि तपासायला दोन बाया मागा: उपकेंद्राच्या सिस्टर आणि महिला समुदाय आरोग्य अधिकारी. तिशीपुढच्या बायांची ही तपासणी सरकारी कार्यक्रमातच आहे, त्यामुळे तुम्ही उपकार मागत नाही. मैदानापासून लांबची वर्गखोली घ्या, खिडक्यांना चादरी, एक बाकडं, साबण-पाणी, आतून कडी. दारावर ‘महिला आरोग्य तपासणी’ एवढंच लिहा आणि बीपी, साखर, तोंडाची तपासणीही तिथंच ठेवा. मग कोण कशासाठी आलं हे गावाला कळत नाही. एका बाईला दहा मिनिटं धरा. दोघी तपासणार असतील तर तीन तासांत 36 होतात, तेवढेच टोकन वाटा. रजिस्टर सिस्टर किंवा आशाताईंकडेच राहू द्या. मंडळाच्या पोरांच्या मोबाइलमध्ये त्यातलं एकही नाव जाता कामा नये.

खरी कसोटी त्यानंतर. गाठ लागलेल्या बाईची सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी आणि मग सुईची तपासणी (गाठीतला नमुना सुईनं काढून तपासणं) व्हायला हवी, आणि नेमकं तिथंच घरातलं कुणीतरी ‘सुई लावली की कर्करोग पसरतो’ म्हणून अडवतं. असं होत नाही, हे सिस्टरनं घरी जाऊन सांगायचं. मंडळानं गाडी आणि सोबत द्यायची. छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय किंवा धाराशिवकडून जवळचं बार्शीचं कर्करोग रुग्णालय, कुठं जायचं ते आधी ठरवून ठेवा. मोफत उपचाराच्या महात्मा फुले योजनेसाठी आधार आणि रेशनकार्डावरचं नाव जुळतं का ते गावातच बघा. एकीकडे माहेरचं आणि दुसरीकडे सासरचं नाव, यावर फाइल अडते. रुग्णालयाचा दाखला मिळाला तर उपचारासाठी जाताना रेल्वेत स्लीपरला रुग्णाचं तिकीट माफ होतं, सोबतच्या एकाला 75 टक्के सवलत मिळते.

रुग्णाच्या उपचारासाठी पैसे गोळा करणार असाल तर धर्मादाय कार्यालयाची परवानगी आणि पावतीपुस्तक आधी. रुग्णाच्या घरच्यांना स्टेजवर बोलावून मोठ्या पुठ्ठ्याचा चेक देऊ नका. त्या घराला गावभर ओळख नको असते. फळांच्या टोपलीपेक्षा डिजिटल थर्मामीटर द्या. केमो, म्हणजे कर्करोगावरची औषधं, साधारण दर तीन आठवड्यांनी असते, मधल्या काळात रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरतात, जंतुसंसर्ग पटकन होतो, आणि ताप 100.4 फॅरेनहाइटच्या वर गेला तर क्रोसिन देऊन वाट बघायची नसते, लगेच रुग्णालय गाठायचं असतं. सर्दी-खोकला असलेल्यानं त्या घरी जायचं नाही. ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या हातानं हंडा-कळशी उचलायची नाही, हात सुजू शकतो. त्यामुळे पाणी भरणं हे संघातल्या दोघांचं रोजचं काम. रेडिएशनला (किरणांच्या उपचाराला) आठवड्यातले पाच दिवस, कितीतरी आठवडे शहरात राहावं लागतं. त्या दिवसांत म्हशीची धार, पोरांची शाळा आणि मोटार चालू-बंद करणं कुणाकडे, याचा तक्ता उपचार सुरू व्हायच्या आधी घरच्यांसोबत बसून लिहा, आणि दर रविवारी सरावानंतर नावं बदला.