गोधडीला बसण्याआधी

चिंध्या आधी भिजवा. पुढचं काही वाचलं नाहीत तरी चालेल, पण भिजवा.

गेल्या वर्षी भाचीच्या बाळंतविड्यात द्यायला म्हणून मी तुकड्यांची गोधडी शिवली. दीड महिना खपले. पहिल्याच धुण्यात लाल तुकड्यांचा रंग शेजारच्या पांढऱ्या मलमलीत उतरला. नवी सुती कापडं आटली, जुन्या धोतराचे तुकडे होते तसेच राहिले आणि सगळी गोधडी भाजलेल्या पापडासारखी आकसली. भाची म्हणाली, "मावशी, गुलाबी छटा छान आलीये." इंदूरचे लोक तोंडावर गोडच बोलतात.

तर तुकडे. ब्लाउज शिवणाऱ्या कुठल्याही टेलरकडे कोपऱ्यात कतरनीचं पोतं असतंच. लग्नसराईत मागू नका, तो आधीच वैतागलेला असतो. घरी आणलं की पोत्यात हात घालू नका, चादरीवर ओता. टाचण्या असतात. मला दोन टोचल्या.

मग निवड. बाळाच्या गोधडीला फक्त सुती. जॉर्जेट, नायलॉन, साटीन बाजूला. संशय आला तर एक धागा ओढून वाटीवर धरून जाळा: कागद जळल्यासारखा वास आणि भुरभुरीत राख म्हणजे सूत, केस जळल्यासारखा वास म्हणजे रेशीम, वितळून टोकाला कडक मणी झाला तर पॉलिस्टर. महेश्वरी साडीचे तुकडे बघून मोह होतो, मलाही झाला होता. पण त्यात बहुधा उभा धागा रेशमाचा, आडवा सुताचा आणि कापलेली कड बघता बघता सुटते. त्याचे बटवे करा, आत अस्तर लावून. टिकल्या, बटणं, जरीचे काठ बाळाच्या गोधडीत नकोत, कारण सांगायला लागू नये.

आता भिजवणं. कोमट पाणी, अर्धा तास. फिके वेगळे, गडद वेगळे आणि लाल, मरून, निळीचा गडद निळा हे प्रत्येक आपापल्या बादलीत. तुकडे मोकळे टाकलेत तर कडांचे धागे निघून एकच गुंता होतो, म्हणून जुन्या उशीच्या खोळीत घालून तोंड बांधा. पाणी स्वच्छ येईपर्यंत बदला. एवढ्यावर थांबू नका: ओला लाल तुकडा पांढऱ्या रुमालात ठेवून वरून गरम इस्त्री दाबा. रुमालाला रंग लागला तर परत भिजवा. तिसऱ्यांदाही लागला तर तो तुकडा फर्निचर पुसायला. मीठ टाकलं की रंग पक्का होतो, असं मलाही एकीने सांगितलं होतं. मूठभर टाकलं, काही झालं नाही.

माझा लाल तुकडा "बाग प्रिंट आहे, रंग जाणार नाही" म्हणून घेतलेला. धार जिल्ह्यातल्या बागचे कारागीर स्वतः छापलेलं कापड वाहत्या पाण्यात धुतात, जास्तीचा रंग पाण्याबरोबर जावा, पांढऱ्यावर बसू नये म्हणून. ज्यांचं कापड ते धुतात आणि मी दुकानदाराच्या शब्दावर तसंच शिवायला घेतलं!

भिजवलेलं उन्हात खडखडीत वाळवा. आपल्याकडे श्रावणात हा उद्योग काढूच नका, तुकड्यांना कुबट वास येतो. मग किंचित दमट करून इस्त्री. कापायचं ते यानंतर, आधी नाही. आटायचं ते कापण्याआधी आटू दे.

माप: ४ इंचांचा चौकोन कापलात तर चारही बाजूंनी पाव-पाव इंच शिवणीत जाऊन साडेतीन उरतो. आडवे १० आणि उभे १२ असे १२० चौकोन म्हणजे ३५ बाय ४२ इंच. मी पहिल्यांदा ४० धरून बसले होते. चौकोन धाग्याच्या सरळ रेषेत कापा. उरेब, म्हणजे तिरका गेला तर शिवताना ताणतो आणि चार कोपरे कधीच जुळत नाहीत. कात्री कापडाचीच, घरात जिने दुधाच्या पिशव्या कापतात ती नव्हे.

मांडणी जमिनीवर करून फोटो काढून ठेवा, कारण कोणीतरी त्यावरून चालत जाणारच.

आतल्या थरांना जुनी सुती साडी, दोन-तीन पदरी. कच्चे टाके घाला, मग मधूनच धावदोरा सुरू करून कडेकडे जा. दोरा सुती. कडेला गोट, म्हणजे कापडाची पट्टी. गाठी आत.

अस्तराचं नवं कापड आणलंत ना? तेही भिजवा. गोटाची पट्टीसुद्धा. यंदा मी सगळं भिजवलं आणि गोट तेवढा विसरले, तो आता उसवतेय.