बांधावर जेवताना साबण विसरू नका

खानापूर भागात भाताची रोप लावणी सुरू झाली की दुपारची भाकरी बांधावरच सोडली जाते. कळशीतलं पाणी हातावर ओतायचं आणि बसायचं, ही सवय मोडाच. नुसत्या पाण्याने चिखल जातो; जंतूंना धरून ठेवणारा तेलकट थर साबणाशिवाय सुटत नाही. साबणाची वडी भाकरीच्या फडक्यासोबतच बांधून न्या. निदान 20 सेकंद चोळा. अंगठा आणि बोटांच्या बेचक्या हमखास राहतात. नखांखाली काळी रेघ दिसतेय ना? बोटांची टोकं दुसऱ्या तळव्यावर खसाखसा घासा. चिखलाच्या हातांवर सॅनिटायझर नीट चालत नाही. धुतलेले हात घामेजल्या पदराला पुसू नका, वाऱ्यावर वाळू द्या. लेकराला घास भरवणार असाल तर विशेष जपा.