तिच्या आठवणींची वही लिहिताना

दीर्घ आजाराने गेलेल्या पत्नीची, मुलांच्या आईची, स्मरणवही लिहायला घेताना आरंभ आजारापासून करू नये; आठवड्यातून तीनदा, चार-चार तास चालणाऱ्या डायलिसिसची ती वर्षे एरवी सगळीच पाने व्यापून टाकतात. आधी तिच्या रोजच्या वस्तू समोर मांडाव्यात: मिसळणाचा डबा, चष्मा आणि दिवसाचे मोजके पाणी ती ज्यातून घोट-घोट पुरवून पीत असे, तो स्टीलचा पेला. एकेका वस्तूवर एकेक पान लिहावे. मुलांनी आपली पाने स्वतंत्र लिहावीत आणि त्यांची आठवण आपल्या आठवणीशी जुळली नाही, तरी ती दुरुस्त करू नये.

आजार मात्र गाळू नये. फिस्टुलाच्या, म्हणजे डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने धमनी आणि शीर जोडलेल्या, हातावर बोट ठेवताच जाणवणारी थरथर, त्या हाताने तिने जड पिशवी उचलली म्हणून झालेले वाद, हेही यावे. (मी पहिल्या खेपेस वाद टाळले आणि वही गुळमुळीत झाली.) रिपोर्ट चिकटवण्याची गरज नाही.

वाचनासाठी भाद्रपद वद्य नवमी, म्हणजे पतीच्या हयातीत गेलेल्या स्त्रियांच्या श्राद्धाची अविधवा नवमी, सोयीची पडते. जेवणे उरकल्यावर धाकट्याकडून वाचून घ्यावे.