ठासणीची बंदूक आणि नामिबियाची कोरडी हवा
नामिबियात कुडू किंवा गेम्सबॉक या मोठ्या हरणांच्या शिकारीला ठासणीची बंदूक नेणार असाल, तर बंदुकीची दारू आणि ती पेटवणाऱ्या टोप्या सोबत घेऊ नका. विमानात त्या चालतच नाहीत. तिथल्या आयोजकाकडून आधीच सोय करून घ्या. जून-जुलैच्या कोरड्या हवेत काळ्या दारूची काजळी नळीत कडक होऊन बसते आणि दुसरी गोळी अर्ध्यातच अडकते. म्हणून प्रत्येक बारानंतर ओलसर चिंधी फिरवा, मग कोरडी. गोळी तळाला टेकली की ती ठासायच्या गजावर नळीच्या तोंडाशी खूण करा. पुढच्या वेळी खूण तोंडाच्या वर राहिली, म्हणजे गोळी पूर्ण खाली गेली नाही, तर बार अजिबात उडवू नका, नळी फुटू शकते. आणि बार उडवल्यावर धूर विरेपर्यंत थांबू नका. लगेच बाजूला सरकून जनावर कुठे वळलं ते बघा.