स्लॅब भरण्याच्या आदल्या दिवशीची तयारी

दोन वर्षांपूर्वी सातारा जिल्ह्यातील एका घराचा स्लॅब भरत असताना भर दुपारी आमचा एकमेव व्हायब्रेटर (ओले काँक्रीट हलवून घट्ट बसवणारे यंत्र) बंद पडला आणि दुसरा मिळेपर्यंत दीड तास गेला. त्या दीड तासात गवंड्यांनी सळईने ठोसून बसवलेल्या तुळईचे सेंटरिंग (काँक्रीटचा तात्पुरता साचा) उघडले, तेव्हा आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोके होती आणि दोन जागी सळई उघडी पडली होती. म्हणून साइटचे नियोजन शिकणाऱ्यांना प्रथम हेच सांगतो, की साइटवर दोन व्हायब्रेटर हवेत, त्यांपैकी एक पेट्रोलवर चालणारा हवा, कारण वीज गेली तर विजेवरचे दोन्ही सारखेच निरुपयोगी ठरतात.

सिमेंट, खडी, वाळू आणि पाणी आदल्या संध्याकाळी जागेवर असावे, पण पोती स्वतः मोजावीत. शंभर चौरस मीटरच्या १२५ मिमी जाडीच्या स्लॅबला १:१.५:३ या सिमेंट, वाळू व खडीच्या प्रमाणाने, तुळया सोडून, सुमारे शंभर पोती लागतात. ऐनवेळी दुकानातून आणू, हे उत्तर मान्य करू नये.

सळई बांधून झाल्यावर स्ट्रक्चरल इंजिनिअरची तपासणी आणि लेखी होकार घ्यावा. स्लॅबच्या खालच्या सळईखाली २० मिमीचे कव्हर ब्लॉक (सळई साच्यापासून वर ठेवणारे छोटे ठोकळे) आणि वरच्या सळईखाली पुरेशा खुर्च्या (तिला उचलून धरणारे वाकवलेल्या सळईचे आधार) आहेत का, हे वाकून पाहावे, कारण दिवसभर माणसे त्याच सळईवरून घमेली घेऊन चालतात आणि खुर्ची नसेल तर वरची सळई खाली दबून तिचा उपयोगच उरत नाही. विजेचे पाइप, पंख्याचे बॉक्स आणि सांडपाण्याच्या पाइपांच्या जागा त्याच वेळी पाहाव्यात. भरावाच्या मातीवर उभ्या केलेल्या टेकूंखाली जाड फळी हवी, सुटी वीट कदापि नको.

पुन्हा व्हायब्रेटरकडे येतो. ठेकेदार "आहे साहेब, गाडीत आहे" म्हणतो, तेव्हा तो गाडीतून खाली उतरवून घ्यावा, दोन्ही यंत्रे आदल्या संध्याकाळी नीडल (काँक्रीटमध्ये बुडवायची थरथरणारी नळी) लावून पाच मिनिटे चालवून पाहावीत, जादा नीडल व पेट्रोलचा कॅन शेजारी ठेवावा, आणि शेवटचे घमेले पडेपर्यंत दुसरा व्हायब्रेटर दुसऱ्या साइटवर जाऊ देऊ नये. हे झाले नसेल तर स्लॅब एक दिवस पुढे ढकलावा. मजुरांचा खाडा परवडतो, पोकळ तुळई परवडत नाही.

काँक्रीटची ताकद तपासण्याच्या ठोकळ्यांसाठी १५० मिमीचे साचे तेल लावून तयार असावेत. सहा ते पंधरा घनमीटर काँक्रीटला दोन नमुने, प्रत्येकी तीन, म्हणजे २८ दिवसांच्या चाचणीसाठी सहा ठोकळे. मिक्सरवर पाणी मापानेच पडावे. पुढे, सिमेंट साधे पोर्टलंड (ओपीसी) असेल तर, स्लॅबवर आळी (पाणी साठवायचे छोटे बांध) बांधून किमान सात दिवस, कडक उन्हाळ्यात दहा दिवस पाणी. त्याच सिमेंटला साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबचे टेकू सात दिवस ठेवावेत, त्याहून मोठ्याचे चौदा; सहा मीटरपर्यंतच्या तुळयांचे चौदा, त्यापुढे एकवीस.